दूरच्या ग्रहावरचे बिऱ्हाड

कार्यक्रमपत्रिकेत आमच्या व्याख्यानाचा विषय छापून आला, तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांस वाटेत गाठून विचारले, "तुम्ही विज्ञानावर बोलणार, वाङ्मयावर बोलणार, की समाजसुधारणेवर?" प्रश्न रास्त होता. दूरच्या ग्रहावरील वसाहत, तेथे स्वभावाने एकमेकांशी मुळीच न जुळणारे दोन पुरुष आणि त्यांचे प्रेम, असा विषय वाचून कोणीही बुचकळ्यात पडेल. आम्ही त्यांना एवढेच सांगितले की, या तिन्ही गोष्टी इथे एकाच दोरात वळलेल्या आहेत. एक पीळ सोडवू लागले की बाकीचे दोन आपोआप हाती येतात.

प्रारंभी एका शब्दाचा खुलासा करणे बरे. ज्या पुरुषाचे मन पुरुषाकडे व ज्या स्त्रीचे मन स्त्रीकडे ओढ घेते, त्यांना आपण समलिंगी म्हणतो. ही ओढ म्हणजे रोग नव्हे, हे वैद्यकाने मान्य केलेले आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली ती आपापल्या रोगांच्या यादीतून काढून टाकली. तेव्हा या विषयाकडे वैद्याच्या नजरेने पाहण्याचे आता कारण उरलेले नाही. आपण वाचकाच्या नजरेने पाहू.

वाचकाच्या नजरेने पाहिले की पहिली गोष्ट दिसते ती ही की, प्रेमकथेस अडथळा लागतो. नायक-नायिका भेटली, दोन्ही घरांनी होकार दिला आणि मुहूर्त ठरला, तर कथा दुसऱ्याच पानावर आटोपते. जात, पत्रिका, हुंडा, वडिलांचा संताप, अशा अडथळ्यांवर आपल्या किती कादंबऱ्या आणि किती चित्रपट उभे आहेत! पण अडथळा बेताचा असावा लागतो. दोन पुरुषांच्या प्रेमाची कथा जुन्या काळच्या शहरात घडवायची म्हटली की अडथळा इतका प्रचंड होतो की, त्याच्या आड ती दोन माणसेच दिसेनाशी होतात. पोलीस, न्यायालय, नोकरी, नातेवाईक, बदनामी, यांतच सारी पाने संपतात. त्या दोघांत तापट कोण, अबोल कोण, घर कोण आवरतो आणि रुसून कोण बसतो, हे सांगण्यास लेखकाला जागाच मिळत नाही. मग लेखक काय करतो? तो त्या दोघांना उचलून दूरच्या ग्रहावर नेऊन ठेवतो.

किती दूर, तेही पाहू. २००० सालच्या नोव्हेंबरपासून माणसे पृथ्वीबाहेर अखंड राहत आली आहेत खरी; पण ते अवकाशस्थानक आपल्या डोक्यावर सुमारे चारशे किलोमीटरवरून फिरते. मुंबईहून नागपूर त्याहून लांब आहे! खरी वसाहत म्हणजे दुसऱ्या एखाद्या सूर्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावरची. सूर्य वगळता आपल्याला सर्वांत जवळचा तारा जो प्रॉक्सिमा, तो सुमारे सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे तेथे पाठविलेला बिनतारी निरोप पोहोचण्यास सव्वाचार वर्षे आणि उलट उत्तर येण्यास तितकीच. मुलाने तिकडे कोणाशी संसार मांडला आहे हे कळून वडिलांनी संतापाने निरोप धाडला, तर त्याचे उत्तर हाती पडेपर्यंत साडेआठ वर्षे उलटलेली असतात. एवढ्या अवधीत बहुतेकांचा राग शांत होतो! विनोद सोडला तरी एवढे खरे की, असे अंतर लेखकाला मोकळी जमीन देते. त्या जमिनीवर कोणता कायदा असावा, कोणती रूढी असावी, हे तो नव्याने ठरवू शकतो. या सवलतीचा उपयोग अमेरिकेतील विज्ञानकथाकारांनी कसा केला, हे तीन कथांच्या आधारे आम्ही सांगणार आहोत.

पहिली कथा १९५३ सालची. त्या वर्षी २७ एप्रिल रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी १०४५० क्रमांकाचा आदेश काढला. सरकारी नोकर विश्वासास पात्र आहे की नाही हे ठरविण्याच्या कसोट्यांत या आदेशाने 'लैंगिक विकृती' हे एक कलम घातले, आणि समलिंगी माणसांना सरकारी नोकरीतून वेचून काढण्यास कायद्याचा आधार मिळाला. त्याच वर्षीच्या जून महिन्याच्या अंकात एका विज्ञानकथांच्या मासिकाने थिओडोर स्टर्जन यांची 'द वर्ल्ड वेल लॉस्ट' ही कथा छापली.

कथा अशी. डिर्बानू नावाच्या परग्रहावरून पळून आलेले दोन जीव पृथ्वीवर उतरतात. ते एकमेकांत इतके रमलेले असतात की सारे जग त्यांच्यावर लुब्ध होते, लोक त्यांना प्रेमपाखरे म्हणू लागतात. पण डिर्बानूचे सरकार निरोप पाठवते की हे दोघे गुन्हेगार आहेत, त्यांना परत करा. त्यांना पोहोचविण्याचे काम एका यानावरील दोघा खलाशांकडे येते. कप्तान रूट्स हा बुटका, ऐटबाज, बडबड्या, स्वतःच्या पराक्रमांच्या गोष्टी रंगवून सांगणारा. त्याचा साथीदार ग्रंटी हा धिप्पाड, पुस्तके वाचणारा, आणि बोलायची वेळ आलीच तर हुंकारावर भागवणारा. हे दोघे एकत्र कसे नांदतात, असा प्रश्न पाहणाऱ्यास पडावा. त्याचे उत्तर एकट्या ग्रंटीलाच ठाऊक असते. त्याचे कप्तानावर प्रेम आहे, आणि ते त्याने कधीही ओठांवर येऊ दिलेले नाही.

प्रवासात ग्रंटीच्या ध्यानात येते की कैद्यांना दुसऱ्याच्या मनातले वाचता येते. आपले गुपित फुटणार या भीतीने तो त्यांना ठार मारावयास निघतो. तेव्हा ते दोघे चित्रे काढून त्याला आपली हकीकत समजावून देतात. डिर्बानूवर नर आणि मादी यांची शरीरे एकमेकांहून इतकी निराळी असतात की ओळखण्यात चूक होणेच शक्य नाही. हे दोघे मात्र नर आहेत, आणि तोच त्यांचा गुन्हा. इतकेच नव्हे, तर पृथ्वीवरचे स्त्री-पुरुष डिर्बानूवाल्यांना सारखेच दिसतात. म्हणून आपली सारी मानवजातच त्यांना एकलिंगी, अतएव किळसवाणी वाटते! ग्रंटी त्या दोघांना छोट्या होडीयानातून निसटू देतो. पुढे कप्तानाला कैद्यांचे खरे स्वरूप कळते तेव्हा त्याला शिसारी येते. ग्रंटी काही बोलत नाही. निजलेल्या कप्तानाकडे पाहत तो आपले गुपित पुन्हा आत ठेवून देतो.

या कथेत दूरचा ग्रह आरशाचे काम करतो. आपण ज्याला विकृती म्हणतो तीच नजर दुसऱ्या कोणी आपल्यावर रोखली तर कसे वाटेल, हे लेखकाने दाखविले. पण ग्रंटीला मात्र त्याने सोडविले नाही. इतक्या लांब जाऊनही यानात १९५३ सालचेच वातावरण भरलेले आहे. प्रेमपाखरे सुटतात, माणूस अडकूनच राहतो.

ही केवळ लेखकाची कल्पना होती काय? फ्रँक कामेनी यांचे उदाहरण आम्ही मुद्दाम देतो. हार्वर्ड विद्यापीठातून १९५६ साली खगोलशास्त्राची डॉक्टरेट मिळविलेला हा मनुष्य अमेरिकेच्या लष्करी नकाशा विभागात नोकरीस लागला. १९५७ साल म्हणजे रशियाच्या स्पुटनिकचे साल. आकाशाचे ज्ञान असलेली माणसे अमेरिकेला त्या घडीला हवी होती. त्याच वर्षी कामेनी यांना समलिंगी असल्याच्या कारणावरून नोकरीतून काढून टाकले गेले. ते न्यायालयात लढले. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे प्रकरण ऐकण्यास नकार दिला. सरकारने त्यांची रीतसर क्षमा मागितली ती २००९ साली, म्हणजे ५२ वर्षांनी. प्रॉक्सिमा ताऱ्याला निरोप जाऊन उत्तर येण्यास साडेआठ वर्षे लागतात, हे आम्ही मघाशी सांगितले. वॉशिंग्टनमधल्या एका कचेरीतून उत्तर येण्यास त्याच्या सहापट काळ लागला.

दुसरी कथा म्हणजे उर्सुला ले ग्विन यांची १९६९ सालची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' ही कादंबरी. गेथेन हा बारमाही बर्फाचा ग्रह. हेन नावाच्या पुरातन जगातील लोकांनी अनेक ग्रहांवर वसाहती केल्या, त्यांतलीच ही एक. येथील माणसे महिन्यातले बहुतेक दिवस स्त्रीही नसतात आणि पुरुषही नसतात. थोड्या दिवसांपुरती कधी हे रूप, कधी ते रूप घेतात. आज ज्याने मूल जन्मास घातले, तोच दुसऱ्या मुलाचा बाप असू शकतो. या लोकांत पृथ्वीवरचा जेन्ली आय हा एकटा पुरुष राजदूत म्हणून येतो. बारा महिने तेरा काळ पुरुषच राहणारा हा प्राणी गेथेनच्या दृष्टीने विकृत ठरतो. तोच आरसा, पण आता तो वाचकाच्या पुष्कळ जवळ आलेला आहे.

तेथील एक पंतप्रधान, एस्ट्राव्हेन, हा जेन्लीचा एकमेव खरा हितचिंतक. आणि नेमका त्याच्यावरच जेन्लीचा विश्वास नसतो. जेन्ली सरळ, उतावळा, तर एस्ट्राव्हेन आडवळणाने बोलणारा, मानी. जेन्ली त्याला पुरुष समजून वागतो, आणि त्याच्या वागण्यात बाईपणाची छटा दिसली की बिचकतो. पुढे जेन्ली बंदिवासात पडतो. एस्ट्राव्हेन त्याला सोडवतो, आणि दोघे घसरगाडी ओढीत सुमारे ऐंशी दिवस हिमनदीवरून चालतात. एक तंबू, एक शेगडी, मोजून घेतलेले अन्न. तंबूत ऊब किती ठेवायची यावरही त्यांचे जुळत नाही. एकास जे सुखाचे, ते दुसऱ्यास उकाड्याचे; शेवटी मधला मार्ग काढतात. आम्हांस या कादंबरीतील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. सिंहासने आणि राजकारणे विसरली जातात, आणि वाचकाला दिसतात ती एका शेगडीभोवती बसून एकमेकांच्या सवयी शिकणारी दोन माणसे.

त्यांचे प्रेम शरीरापर्यंत जात नाही. त्या वाटेला न जाण्याचे दोघे समजून-उमजून ठरवितात, आणि अखेरीस सरहद्दीवर एस्ट्राव्हेन मारला जातो. ही दोन पुरुषांची प्रेमकथा म्हणावी काय? काटेकोरपणे नाही, एस्ट्राव्हेन आपल्या अर्थाने पुरुष नव्हे. तथापि इंग्रजीत त्याच्यासाठी सर्वत्र 'तो' हेच सर्वनाम वापरलेले असल्याने वाचकाच्या डोळ्यांपुढे दोन पुरुषच उभे राहतात. यावर टीका झाली. लेखिकेने प्रथम आपली बाजू मांडली. पण पुढे मोकळ्या मनाने कबूल केले की, गेथेनवासीयांना भिन्नलिंगी जोडीतच कोंडण्याचे काही कारण नव्हते, ती आपली चूक झाली. १९९५ साली त्याच ग्रहावरील एक नवी कथा लिहून त्यांनी ती उणीव भरून काढली. आपल्याच गाजलेल्या ग्रंथातील दोष पंचवीस वर्षांनी दुरुस्त करण्याचा हा प्रामाणिकपणा आपल्याकडील साहित्यिकांनीही ध्यानात घेण्याजोगा आहे.

याच सुमारास एक मजेदार प्रकार घडला. १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत 'स्टार ट्रेक' ही दूरदर्शन मालिका चालली. तीत कर्क नावाचा धडाडीचा, भावनाप्रधान कप्तान आहे आणि स्पॉक नावाचा, भावना दाबून तर्काने चालणारा अर्धा परग्रहवासी सहकारी आहे. मालिकेत ते केवळ मित्र आहेत. परंतु प्रेक्षकांतील काही स्त्रियांना त्या मैत्रीत अधिक काही दिसले. १९७४ पासून चाहत्यांच्या हौशी नियतकालिकांतून या दोघांच्या प्रेमाच्या कथा छापून येऊ लागल्या, आणि पुढे तो लेखनाचा एक स्वतंत्र प्रवाहच झाला. येथेही सारा रस विजोडपणात आहे, हे लक्षात घ्यावे. दोन सारख्या माणसांनी एकमेकांस समजून घेण्यात विशेष काय आहे?

तिसरी कथा लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांची 'ईथन ऑफ अ‍ॅथॉस', १९८६ साली आलेली. अ‍ॅथॉस ही एका धर्मपंथाने वसविलेली, केवळ पुरुषांची वसाहत. तेथे मुले कृत्रिम गर्भाशयांतून जन्मतात, आणि पुरुषच त्यांना वाढवितात. ईथन हा त्या जननकेंद्रातील डॉक्टर. अत्यंत नेमस्त, कर्तव्यदक्ष, पोटी मुलगा असावा म्हणून आसुसलेला. त्याचा जोडीदार जॅनॉस हा उनाड, उधळ्या, ईथनचे वाहन बेफाम हाकून मोडून आणणारा. अ‍ॅथॉसवर बाप होणे हा फुकटचा अधिकार नाही. समाजाची कामे करून त्याचे गुण साठवावे लागतात, तेव्हा मूल मिळते. ईथन गुण साठवतो. जॅनॉसला त्याची फिकीर नाही.

श्रोतेहो, या कथेतील भांडण कोणत्या गोष्टीवरून आहे ते पाहा. दोघे पुरुष आहेत, याबद्दल अ‍ॅथॉसवर कोणी ब्रही काढीत नाही. भांडण आहे ते जबाबदारी कोणी घ्यावी, पैसा कसा खर्चावा, मुलाला चांगला बाप कोण होईल, यांवरून. म्हणजे आपल्या प्रत्येक घरात जे भांडण होते, तेच! पुढे ईथनला कामानिमित्त एका अंतराळस्थानकावर जावे लागते. तेथे तो जन्मात प्रथमच स्त्रिया पाहतो, आणि त्याची भंबेरी उडते. परतताना तो टेरेन्स सी नावाच्या एका परागंदा तरुणास अ‍ॅथॉसवर घेऊन येतो आणि त्याला आपल्या घरात जागा देऊ करतो. सीचे मन एका मृत स्त्रीत गुंतलेले आहे. ही जोडीही विजोडच. पण या कथेत ग्रंटीसारखे कोणी प्रेमाचे गुपित उराशी घेऊन झुरत नाही. कथा घरापाशी येऊन थांबते.

तीन कथा एका ओळीत मांडल्या की त्यांतला क्रम ध्यानात येतो. १९५३ साली प्रेम मनातच राहते. १९६९ साली ते विश्वासापर्यंत येते, पण त्याची किंमत प्राणाने द्यावी लागते. १९८६ साली त्याचे बिऱ्हाड होते. बाहेरचा अडथळा जसजसा कमी झाला, तसतशी माणसे स्पष्ट दिसू लागली. आणि दिसली ती तुमच्या-आमच्यासारखीच. कोणी बडबड्या, कोणी अबोल, कोणाला ऊब हवी, कोणाला गारवा.

कथा पुढे गेल्या, तरी जग त्यांच्या पाठोपाठ तितक्याच वेगाने गेले असे नाही. १८ जून १९८३ रोजी सॅली राइड ही अंतराळात जाणारी पहिली अमेरिकन स्त्री ठरली. जुलै २०१२ मध्ये ती निवर्तली, तेव्हा तिच्या मृत्युलेखातून लोकांना प्रथमच कळले की टॅम ओशॉनेसी ही स्त्री सत्तावीस वर्षे तिची सहचरी होती. प्रत्यक्ष पृथ्वी सोडून अवकाशात जाऊन आलेल्या व्यक्तीलाही हे चारचौघांत सांगता आले नाही. लेखक आपल्या पात्रांना परग्रहावर का पाठवीत होते, हे यावरून कळावे.

आता आपल्या घराकडे वळू. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेचे ३७७ वे कलम १८६२ पासून आपल्याकडे लागू झाले. सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे संबंध त्यातून मुक्त झाले ते ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेत ते कलमच उरलेले नाही. विवाहाची मान्यता मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने नाकारली गेली; तो प्रश्न न्यायालयाने संसदेवर सोपवला. मराठी लेखकांनी या विषयाकडे पाठ फिरविली असेही नव्हे. विजय तेंडुलकरांनी १९८१ साली 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आणली, ती एका मुलीच्या मुलीवरील प्रेमाची होती. आणि त्यासाठी त्यांनी कोणताही परग्रह घेतला नाही. प्रेक्षकांसमोर आपल्यातलीच माणसे उभी केली.

कायदा बदलला की सर्व झाले, असे आम्ही म्हणत नाही. कायद्याने गुन्हा पुसला जातो, पण शेजार मिळत नाही. आपल्या गावात दोन तरुण दोन खोल्यांची जागा विचारीत येतात. घरमालक भाड्याआधी विचारतो, "कुटुंब केव्हा येणार?" ते दोघे एकमेकांकडे पाहतात आणि काहीतरी खोटे उत्तर देतात. त्या क्षणी ते ग्रंटीच्या यानातच असतात. त्यांच्यात तापट कोण, नेमस्त कोण, दूध तापवायचे कोण विसरते, याची कथा लिहिली जाण्याची वेळ त्या उत्तराने पुन्हा पुढे ढकलली जाते.

वाटेत भेटलेल्या आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाला आता नीट उत्तर देता येईल. विज्ञानाने अंतर दिले, वाङ्मयाने त्या अंतरावर दोन माणसे नेऊन ठेवली आणि त्यांचे सुखदुःख आपल्याला जवळून दाखविले. त्यांना तेथून परत आणून आपल्या आळीत जागा देणे, एवढेच काम उरले आहे. ते तुमचे-आमचे आहे, आणि त्यासाठी कोणत्याही यानाची गरज नाही.